डॉक्टर होणाऱ्यांच्या हातात सिगारेट कशाला?

शिराळा तालुक्यातल्या वस्त्यांतून आमची मुले मिरज, कराडला डॉक्टरकी शिकायला पोहोचली, ती बाबासाहेबांच्या घटनेमुळे. पण शिकाऊ डॉक्टरांतले काहीजण होस्टेलात सिगारेटही शिकतात. कारण विचारले की सांगतात, ड्युटीचा ताण!

ताण खोटा नाही. मात्र सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेतच आहे. ते अमलात यावे म्हणून संघटित होऊन भांडायचे, की गच्चीवर धूर काढायचा?

ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५१ पासून डॉक्टरांचीच पाहणी केली. २००४ चा निष्कर्ष असा, की सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी गेले. म्हणजे डॉक्टरकीचे ज्ञानही धुरापासून वाचवत नाही.

महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या कोणत्या ना कोणत्या व्यसनात सापडले. आमच्या वस्तीतली मिश्री लावणारी आजी, बिडी ओढणारा ऊसतोड मजूर उद्या याच डॉक्टरांपुढे बसणार. ज्याच्या अंगालाच वास येतो, त्याने "तंबाखू सोडा" म्हटले तर कोण ऐकणार?

समाजाच्या जिवावर शिकलात, तर समाजाचा जीव वाचवा. आम्ही म्हणतो, सुरुवात स्वतःच्या खिशातल्या पाकिटापासून करा.