घरचें आरोग्य : सर्पदंश आणि पहिली घटका

श्रावण लागून नागपंचमी आली, कीं आमच्याकडे पाटावर गंधानें नाग काढून त्याला लाह्या-दूध वाहण्याचा प्रघात आहे. त्या दिवशीं चिरूं नये, खणूं नये, नांगर धरूं नये, हा जुना दंडक. भूमीच्या पोटांत राहणाऱ्या जीवाला वर्षांतून एक दिवस तरी आपल्या हातून इजा होऊं नये, अशी त्यामागील भावना असावी. आणि ती सुंदरच आहे. परंतु पूजा संपते, पाट उचलला जातो, आणि पुढचे दोन महिने तोच जीव आमच्या बांधावर, गोठ्यांत, प्रसंगीं माजघरांतहि वावरत असतो, याचें स्मरण मात्र आम्हांस राहत नाहीं. म्हणून या खेपेच्या चर्चेस विषय घेतला आहे तो सर्पदंशाचा.

आमची बिद्री कागल तालुक्यांतली. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख. गांवाजवळच या दोन नद्यांच्या नांवाचा सहकारी साखर कारखाना. चहूंकडे ऊंस, सखल जमिनींत भात. जेथें धान्य व ऊंस तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें साप, हा निसर्गाचा सरळ हिशेब आहे.

आतां जी गोष्ट सांगतों ती आमच्याच घरची, आणि ती सांगतांना मला संकोच वाटतो. कांहीं वर्षांपूर्वीं गौरी-गणपतीला घरीं तीसेक माणसें जमलीं होतीं. खाटा वडील मंडळींस दिल्या, आणि मुलें माजघरांत ओळीनें जमिनीवर निजलीं. पहांटे चारच्या सुमारास माझा नऊ वर्षांचा पुतण्या पोटांत कळ येते म्हणून रडत उठला, एकदां ओकला. आदल्या दिवशीं मोदकांचें जेवण झालेलें. मीं तत्काळ निदान केलें, "अजीर्ण!" ओंवा आला, ऊन पाणी आलें, बेंबीला हिंग लावला गेला. अंगावर जखम नाहीं, सूज नाहीं, साप कोणीं पाहिलेला नाहीं. घरांत नुकतीच आलेली आमची धाकटी सून कंदील-बत्तीचें पाहत उभी होती. मुलाच्या पापण्या मिटत आहेत, पण त्या झोंपेनें नव्हेत, हें तिच्या ध्यानांत आलें. परंतु एवढी वडील मंडळी बोलत असतां आपण मध्यें कसें बोलावें, म्हणून ती गप्प राहिली. अखेर तिनें सासूबाईंच्या कानाशीं लागून तें सांगितलें तेव्हां सहा वाजले होते, आणि मुलाचा आवाज नाकांतून येऊं लागला होता. गाडी काढून आम्हीं रुग्णालय गांठलें. तेथील डॉक्टरांनीं पापण्या पाहिल्या आणि एकच शब्द उच्चारला, "मण्यार." प्रतिविष दिलें, श्वासयंत्र लावलें; चार दिवस आमच्या घरीं चूल धड पेटली नाहीं. आठव्या दिवशीं मुलगा आपल्या पायांनीं घरीं आला.

आम्ही सुशिक्षित, मांत्रिकाकडे गेलों नाहीं, याची आम्हांस प्रौढी. पण त्या पहांटे माझी ओंव्याची पुरचुंडी हा मंत्रच ठरला, आणि दोन तास गेले ते माझ्या विद्वत्तेपायीं.

महाराष्ट्रांत बहुतेक विषबाधा चार जातींच्या सापांनीं होते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. घोणस चावली तर दंशाची जागा सुजते, वेदना असह्य होतात, रक्त गोठण्याची शक्ति नष्ट होते व पुढें मूत्रपिंडें निकामी होण्याचें भय असतें. फुरशाचें विषहि रक्तावरच घाला घालतें. नागाचें विष मज्जातंतूंवर चालतें आणि दंशाभोंवतींचें मांसहि नासवतें. मण्यारीची तऱ्हा निराळी. ती रात्रीं फिरते, घरांत शिरते, तिचे दांत इतके बारीक कीं निजलेल्यास दंश कळतहि नाहीं. पोटदुखी, ओकारी, जड पापण्या, अडखळती जीभ, आणि शेवटीं श्वास बंद. म्हणून पावसाळ्यांत जमिनीवर निजलेलें माणूस पहांटे अशा लक्षणांनीं उठलें, तर प्रथम मण्यारीची शंका घ्यावी व अजीर्णाची मागाहून.

हें दुखणें केवढें मोठें आहे, याची नीट मोजदाद अलीकडेच झाली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानें असा अंदाज काढला, कीं २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारे १२ लक्ष माणसें सर्पदंशानें मेलीं. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील सुमारे निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांत, इस्पितळाबाहेर झालेले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादींत घातलें. उपेक्षित हा शब्द अगदीं यथार्थ आहे. कारण हा रोग अनवाणी चालणाऱ्याचा आहे.

यावर औषध नाहीं असें नाहीं. फ्रान्सांत काल्मेत यांनीं १८९४ च्या सुमारास प्रतिविष सिद्ध केलें. घोड्याला थोडथोडें विष टोंचून त्याच्या रक्तांत जें प्रतिकारक द्रव्य तयार होतें, तेंच तें. आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८९९ सालीं स्थिरावलेली व १९२५ पासून हाफकिन यांचें नांव धारण करणारी संस्था या कार्यांत प्रसिद्ध आहे. आज मिळणारें प्रतिविष वरील चारहि सापांवर चालतें. लहान मुलास आणि मोठ्या माणसास मात्रा एकच, कारण साप कांहीं वय पाहून विष सोडीत नाहीं. रक्ताला बाधा झाली आहे कीं नाहीं हें पाहण्यास मोठें यंत्रहि लागत नाहीं : कोरड्या, स्वच्छ कांचनळींत थोडें रक्त घेऊन वीस मिनिटें न हलवतां ठेवावयाचें, गोठलें नाहीं तर घोणस किंवा फुरसें यांचा संशय बळावतो.

तथापि या औषधांत उणीव आहे. त्यासाठीं लागणारें बरेचसें विष १९७८ सालीं चेन्नईजवळ स्थापन झालेल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतें, आणि एकाच जातीच्या सापाचें विष प्रांताप्रांतांत बदलतें, असें संशोधनानें दिसून आलें आहे. म्हणून एकच औषध सर्वत्र सारखें लागू पडेल असें नाहीं. २०२५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं, ज्यानें वर्षानुवर्षें स्वतःस विष टोंचून घेतलें अशा एका मनुष्याच्या रक्तांतून मिळविलेलीं प्रतिद्रव्यें व एक रासायनिक औषध यांच्या मिश्रणानें नाग-मण्यारीच्या कुळांतील १९ जातींच्या विषापासून उंदरांचें पूर्णतः वा अंशतः रक्षण केलें. वार्ता आशादायक खरी. परंतु तो प्रयोग उंदरांवरचा आहे, आणि घोणशीच्या कुळाला तो लागू नाहीं. तोंवर आपला आधार घोड्याचें रक्त आणि घड्याळाचा कांटा.

संशोधन म्हटलें कीं परदेश, असें मानण्याचें कारण नाहीं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं १९७६ पासून महाड तालुक्यांत बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत राहून लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. १९८३ पूर्वीं गंभीर रुग्णांपैकीं शेंकडा २५ ते ३० दगावत. रक्तदाबावरचें प्राझोसिन हें औषध वापरात आल्यावर तें प्रमाण शेंकडा १ च्या घरांत आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यांतला डॉक्टर डोळे उघडे ठेवील तर काय करूं शकतो, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें?

सरकारहि आतां हललें आहे. १२ मार्च २०२४ रोजीं केंद्रानें सर्पदंशाविषयीं राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. २०३० पर्यंत मृत्यु निम्म्यावर आणावयाचे, हा तिचा संकल्प. आमच्या सीमेपलीकडील कर्नाटकानें त्याच वर्षीं फेब्रुवारींत प्रत्येक सर्पदंशाची नोंद सरकारास कळविणें बंधनकारक केलें, आणि नोव्हेंबरांत केंद्रानें सर्व राज्यांस तसेंच करण्याची विनंती केली. नोंद म्हणजे कारकुनी नव्हे. कोणत्या गांवीं किती दंश होतात हें कळल्यावांचून कोणत्या केंद्रांत किती कुप्या ठेवाव्या हें ठरणार कसें?

आतां घरचें कर्तव्य. दंश झाला तर दोरी आवळून बांधूं नये, चिरा देऊं नये, विष चोखूं नये, बर्फ लावूं नये. अंगठी, बांगड्या, जोडवीं तत्काळ काढावीं, कारण सूज आल्यावर तींच फांस होतात. चावलेला अवयव फळीच्या आधारानें स्थिर ठेवावा, रोग्यास चालवूं नये, धीर द्यावा. साप मारण्यांत वा शोधण्यांत वेळ दवडूं नये. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तिला उशीर असेल तर मोटारसायकलहि चालते. पूर्व नेपाळांत दमक येथें रोग्याला दोघांच्या मध्यें बसवून मोटारसायकलीनें नेण्याची व्यवस्था केली, तेव्हां दंशितांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा १०·५ वरून ०·५ वर आलें. त्याच मुलुखांत मच्छरदाणींत निजणारे दंशापासून पुष्कळ बचावतात असेंहि आढळलें. तेव्हां पाहुणे कितीहि असोत, मुलांना खाटेवर किंवा कडा नीट खोंवलेल्या मच्छरदाणींत निजवावें, सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर ठेवावा, आणि रात्रीं परसांत जातांना हातांत विजेरी व पायांत वहाणा असाव्या. शेतावर राबणाऱ्या गड्यास गुडघ्यापर्यंतचे बूट घेऊन देणें हाहि आपलाच धर्म आहे. त्याचा पाय आपल्या पायाहून स्वस्त नाहीं.

शेवटीं एक गोष्ट, जी कोणत्याहि सरकारी योजनेंत लिहिलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत वडिलांचा शब्द अखेरचा, ही रीत बहुतेक प्रसंगीं हिताचीच असते. पण विषाला रीत ठाऊक नाहीं. आमच्या घरीं त्या वर्षापासून नियम आहे : दंशाची शंका ज्याला प्रथम येईल त्यानें, मग तें लहान मूल असो कीं कालची आलेली सून, मोठ्यानें सांगावें, आणि गाडी निघाल्यावर वडिलांनीं विचार करावा. नियम माझ्या वडील बंधूंनीं केला, आणि पहिली मान मीं डोलावली.