खलाशांच्या नावाचा चौक कुठे आहे?

पार्ल्याच्या कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपुलावर आमची रिक्षा परवा पुन्हा अडकली. गोरे 1995 साली काश्मीरमध्ये शहीद झाले, हे मुलीला पूर्वीच सांगितले होते. तिने विचारले, "अब्बा, आपल्या घरातलं कोणी युद्धात गेलं होतं का?" मी म्हणालो, "हो. पण त्यांच्या नावाचा पूल नाही."

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाली, एवढाच निरोप घरी आला. कुठे बुडाली, कोणत्या तारखेला, काहीच नाही. तारीख नसल्यामुळे त्यांच्या बायकोने इद्दत कधीपासून धरायची, यावर घरात कित्येक महिने खल चालला, असे दादी सांगायची. तोवर बिचारी ना सुहागन, ना बेवा.

अशी घरे आज जोगेश्वरीत, कुर्ल्यात, मीरा रोडला शेकड्याने सापडतील. कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेला. खलाशी, नशिबाने टिंडेल, फारच झाले तर सारंग. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने नाममात्र. 1939 साली युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी इंग्लंडच्या बंदरांत संप केले, कित्येक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार वाढला. पाणबुडीचा टॉर्पेडो मात्र पगार बघून लागत नसे.

त्यांचे स्मारक मुंबईत आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक खलाशी आणि दुसऱ्यातले व्यापारी बोटींवरचे जवळपास सहा हजार, शिवाय नौदलाचे सुमारे चारशे. दुसऱ्या युद्धाची हीच यादी चितगावातही ठेवलेली आहे. हे लोक समुद्रात गेले, त्यांना कबर नाही. यादी हीच कबर. पण ती एका इमारतीच्या आत आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही.

सिडनीच्या हाइड पार्कमध्ये, भर शहरात, 2015 साली मूळनिवासी सैनिकांचे स्मारक उभे राहिले. माणसापेक्षा कितीतरी उंच अशा चार उभ्या गोळ्या आणि तीन आडवी पडलेली काडतुसे. घडवणारा टोनी अल्बर्ट स्वतः त्याच समाजातला. ज्या सैनिकांना परतल्यावर इतरांसारखी जमीन मिळाली नाही, हक्क मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी ते आहे. उशीर फार झाला, पण निदान फिरायला आलेल्या माणसाला त्याच्यापुढे थांबावे लागते.

इथे मला हमखास दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, ते इंग्रजांसाठी आणि पगारासाठी गेले. मग इंडिया गेटवर कोरलेले शिपाई कोणासाठी गेले होते? कोरेगाव भीमाचा स्तंभ तर खुद्द कंपनी सरकारने उभारला. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे गेले, त्यांच्यामागून लोक जाऊ लागले, आणि स्तंभ कंपनीचा उरला नाही. आपण मस्जिद बंदरला कधी गेलो?

दुसरी गोष्ट आपल्याच लोकांची. देशभक्तीचा पुरावा मागितला की आपण अब्दुल हमीद आणि ब्रिगेडियर उस्मान यांची नावे पुढे करतो. ती नावे मोठीच आहेत. पण पुरावा म्हणून माणसे पुढे करायची सवय मला पटत नाही. शिवाय बिनवर्दीचा, पोटासाठी गेलेला खलाशी या यादीत बसत नाही, म्हणून आपणही त्याला विसरलो. मोहल्ल्यातल्या चौकाला नाव देताना आपल्याला नगरसेवकाचे वडील आठवतात. अंधेरीत किंवा जोगेश्वरीत एका चौकात साधा दगड हवा. नाव, हुद्दा, गाव. शहीद, वीर वगैरे काही लिहू नका.

त्या रात्री मुलीला घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधायला बसलो. आमच्या माणसाच्या नावाचे तिघे निघाले, तिघेही खलाशी. त्यातला आमचा कोणता, ते ओळखता आले नाही. मुलीने तिन्ही नोंदी वहीत उतरवून घेतल्या. येत्या शब-ए-बरातला तिघांचीही फातिहा होईल.