जोड इंजिनाच्या बोटीला पंखा कोणता?

माझा धंदा कापडाचा. समुद्राशी संबंध एवढाच की भाच्याच्या पर्यटक बोटीत माझेही भांडवल आहे. तरी लिहितो आहे, कारण कोकण किनाऱ्यावरचे आपले काही बांधव प्रवासी बोटींत पैसा घालू लागले आहेत. इंजिनाच्या किमतीवर आठ दिवस घासाघीस होते आणि पंखा मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. आम्हीही तेच केले.

पंख्याचे दोन आकडे असतात. पहिला व्यास, कापडाच्या भाषेत पन्हा म्हणा. दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल त्याचे माप. पाणी लाकडासारखे घट्ट नाही, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर कमीच पडते. पिच जास्त तर वेग जास्त, असे दुकानदार सांगतो. रिकाम्या बोटीपुरते ते खरे आहे.

आमच्या बोटीला ११५ अश्वशक्तीची दोन इंजिने आहेत. पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ५००० ते ६००० फेरे व्हावेत, असे त्यांच्या पुस्तकात लिहिले आहे. दुकानदाराने १९ पिचचे पंखे लावून, तीन माणसे बसवून चाचणी दिली. काटा ५३०० वर! आम्ही खूश. सुट्टीत बोट पूर्ण भरली तेव्हा काटा ४६०० च्या वर जाईना. "मामू, इंजिन गुदमरतंय," भाचा म्हणाला. मी म्हटले, नवे आहे, सुटेल. हंगामभर तसेच रेटले. पेट्रोल जास्त गेले ते वेगळेच. अशा ओझ्याखाली पिस्टन तापतात, आणि त्या दुरुस्तीत हंगामाचा नफा गेला. चूक माझी होती, भाच्याची नव्हे.

पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. आम्ही १५ वर आलो. भरल्या बोटीत काटा आता ५३०० च्या आसपास असतो आणि रिकाम्या बोटीत ६००० ओलांडत नाही. वरचा वेग थोडा गेला, पण वेगाचे तिकीट आम्ही घेतच नाही.

जोडीत दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरणारे असावेत, म्हणजे सुकाणू एका बाजूला ओढत नाही. त्यासाठी एका इंजिनाचा गिअरच उलट्या फिरतीचा लागतो, नुसता डावा पंखा बसवून भागत नाही. जादा पंखेही मग उजवा आणि डावा असे दोन ठेवावे लागतात. एकच ठेवला तर नेमका दुसरा मोडतो. स्टीलचा पंखा टिकाऊ, पण महाग. खाडीच्या तोंडाशी खडक आणि वाळूचे दांडे असतील तर माझे मत अॅल्युमिनियमला आहे, कारण आपटल्यावर बहुधा पातेच वाकते आणि गिअर वाचतो.

पैसे चुकते करण्यापूर्वी दुकानदाराला बोटीत बसवा आणि माणशी ७५ किलो धरून वाळूच्या गोण्या भरा. त्याच फेरीत एक इंजिन बंद करून वर उचला. दोघांच्या हिशेबाने निवडलेला पंखा एकट्या इंजिनाला जड जातो, बोट पाण्यावर उठत नाही आणि थ्रॉटल कमीच ठेवावा लागतो. अशा चालीने धक्का गाठायला किती वेळ आणि किती पेट्रोल लागते, ते घड्याळ लावून वहीत लिहून घ्या.