कोठींतील वस्तूंचा कोश

मनोरीहून आमच्या एका वाचकांचें पत्र आलें आहे. मार्व्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडली कीं पलीकडे मनोरी. तेथें मासळीच्या धंद्याशीं संबंध असलेल्या एका लहानशा संस्थेचे हिशेब ते पाहतात. संस्थेची सामानाची एक खोली आहे. तींत दोरखंड, जाळ्यांचे बोये, यंत्रांचे सुटे भाग, पाने, दिवे, रंगाचे डबे असें शेंकडों प्रकारचें सामान भरलें आहे. कोणती वस्तु कोठें आहे हें एकट्या वृद्ध भांडारपालांस ठाऊक, आणि ते येत्या वर्षीं निवृत्त व्हावयाचे आहेत. मध्यंतरीं पितळेचा एक नळजोड सांपडेना, तेव्हां झाडलोट करणाऱ्या मुलावर संशय गेला. आठ दिवसांनीं तो जोड रंगाच्या डब्यांमागें सांपडला, पण तोंवर मुलानें काम सोडलें होतें. पत्रकर्ते विचारतात कीं, यावर उपाय काय?

वस्तु हरवली तर पैशाचें नुकसान होतें व तें पुढेंमागें भरून येतें. त्या मुलाचें जें नुकसान झालें तें कोणत्या खात्यांत मांडावयाचें? जेथें यादी नाहीं तेथें संशय सर्वांत दुबळ्या माणसाकडे धांव घेतो, हा अनुभव कचेरींत येतो तसा घरांतहि येतो. म्हणून यादीचा विचार आम्ही प्रथम न्यायाच्या बाजूनें करतों. सोयीचा विचार मागाहून.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. कोश व कोठारें सांभाळणाऱ्या सन्निधात्याकडून कौटिल्यानें अशी अपेक्षा केली आहे कीं, शंभर वर्षांपर्यंतच्या उत्पन्नाबद्दल विचारलें तरी त्यानें अडखळूं नये. एका मनुष्याच्या स्मृतीला शंभर वर्षें कशीं पुरावीं? अर्थात् लेखावांचून ही अपेक्षा पुरी होणें शक्य नाहीं. आमच्या पत्रकर्त्यांची संस्था आज जी पेढी चालवीत आहे ती सर्वस्वीं एका वृद्धाच्या स्मृतीवर चालली आहे, आणि स्मृतीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं.

पूर्वीं अशी यादी शब्दांनींच करावी लागे. आतां प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन आहे, त्यामुळें काम पुष्कळ सोपें झालें आहे. मात्र क्रम चुकतां कामा नये. प्रथम जागेला क्रमांक द्यावा, वस्तूला नंतर. कपाटास अ, ब, क अशीं अक्षरें, फळीस व खोक्यास आंकडे. ‘ब-३-२’ म्हणजे ब कपाट, तिसरी फळी, दुसरें खोकें. हा क्रमांक ठळक अक्षरांत खोक्यावर चिकटवावा. मुंबईच्या डबेवाल्यांच्या झांकणावरील खुणा आपण पाहिल्याच असतील. डबा कोणाचा यापेक्षां तो कोठें उतरावयाचा, हेंच त्या खुणा मुख्यतः सांगतात.

नंतर एकेका वस्तूचें छायाचित्र घ्यावें. खालीं पांढरें फडकें, शेजारीं फूटपट्टी म्हणजे आकार कळेल, आणि जागेच्या क्रमांकाची चिठ्ठी त्याच चित्रांत दिसावी. शेवटीं फोनवर किंवा संगणकावर साधा तक्ता करून त्यांत जागा, नांवें, संख्या, चित्र व तपासणीची तारीख असे रकाने ठेवावे. चारशें वस्तू असल्या व रोज चाळीस उरकल्या तर दहा दिवसांचें काम आहे.

वर आम्हीं ‘नांवें’ असें अनेकवचन मुद्दाम लिहिलें. भांडारपाल ज्याला ‘बोया’ म्हणतात त्याला कारकून ‘फ्लोट’ लिहितो. एकाचा ‘पाना’ तो दुसऱ्याचा ‘स्पॅनर’. तक्त्यांत एकच नांव असलें तर दुसऱ्या नांवानें शोधणाऱ्याला कांहींच सांपडत नाहीं, आणि वस्तु समोर असून नवी विकत आणली जाते. अमरसिंहानें कोश रचतांना वस्तूंचे वर्ग पाडले व प्रत्येक वस्तूचे पर्याय एकत्र गुंफले. शिवकालीं रघुनाथपंतांनीं केलेल्या राज्यव्यवहारकोशांत प्रचारांतील यावनी शब्द व त्यांचे संस्कृत प्रतिशब्द वर्गवार दिले आहेत. वर्ग आणि पर्याय, या दोनच गोष्टींवर शोध चालतो. यंत्र त्यांत वेगाची भर घालतें, एवढेंच.

मोठ्या प्रमाणावर हेंच काम कसें होतें त्याचें उदाहरण पुण्यांतच आहे. तेथील सी-डॅक या सरकारी संस्थेनें संग्रहालयांसाठीं ‘जतन’ नांवाची संगणकप्रणाली तयार केली आणि देशांतील अनेक राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तूंची सचित्र नोंद तिच्या साह्यानें झाली. संग्रहालयांतील बहुतेक वस्तू कोठींत असतात, थोड्याच दालनांत मांडलेल्या असतात. कोठींतली वस्तु नोंदींत नसेल तर ती असून नसल्यासारखीच. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं जीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांपैकीं एक वाचकाचा वेळ वांचवावा असें सांगतें. ‘वाचक’ या जागीं ‘कामकरी’ घातला तर तें मनोरीच्या खोलीसहि लागूं पडेल.

एक गोष्ट मात्र चित्रांत येत नाहीं. हा चाक-पट्टा कोणत्या यंत्राचा, हा दोर खाऱ्या पाण्यांत किती टिकतो, हा डबा जुना असूनहि कां टाकूं नये, हें त्या वृद्ध भांडारपालांसच माहीत आहे. त्यांच्या मनांत साहजिक शंका येईल कीं, तक्ता झाल्यावर आपली गरज उरणार नाहीं. तेव्हां चित्रें घेण्याचें काम तरुणांकडे असावें, पण नांवें व टिपा त्यांनींच सांगाव्या आणि तक्त्यावर त्यांचें नांव घालावें. घरांतील सासूबाईंच्या कोठीचेंहि असेंच आहे. कोणत्या बरणींत कोणत्या सालचें लोणचें, हें त्यांना विचारून लिहून घेणाऱ्या सुनेनें त्यांचा मान कमी होऊं दिला नाहीं, तर त्या आपण होऊन आणखी दहा गोष्टी सांगतील.

पुढें दोन नियम कडक पाळावे. वस्तु नेणाऱ्यानें नांव व तारीख लिहिल्यावांचून ती हलवूं नये, मग तो चिटणीस असो वा अध्यक्ष. आणि वर्षांतून एकदां, पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास असतात तेव्हां, तक्ता हातीं घेऊन प्रत्येक खोकें उघडावें. पत्रकर्त्यांस आमची आणखी एक विनंति आहे: तक्ता पुरा होण्याची वाट न पाहतां त्या मुलाला आधीं परत बोलावून घ्यावें. चित्रें घेण्यास दोन चपळ हात लागणारच आहेत.