मासळी सरकली, नियम जागीच

केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. ही घसरण सर्वांच्या नजरेत भरली, पण याच माशाच्या दुसऱ्या हालचालीकडे राज्यकर्त्यांनी पुरेसे पाहिलेले नाही. १९८५ पर्यंत देशातली जवळपास सगळी तारली केरळ ते भटकळ या पट्ट्यात मिळे. पुढे ती कोकणाच्या दिशेने वर आणि पूर्वेला तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावरही पसरली, हे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. बांगडा तर खालीही उतरला. हा खरा पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारा मासा. १९८५ ते ८९ मध्ये त्यातला जेमतेम दोन टक्के वाटा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरना मिळायचा, २००३ ते ०७ मध्ये तो १५ टक्क्यांच्या घरात गेला. १९५१ ते २०१५ दरम्यान हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातला पृष्ठभाग सरासरी एका अंशाने तापला. ज्या माशाच्या अंगाचे तापमान भोवतालच्या पाण्यावर ठरते, त्याच्यासाठी हा बदल मोठा आहे.

तारली पर्ससीन आणि ट्रॉलरनी संपवली, हवामानबदलाचे नाव पुढे केले तर बेबंद मासेमारीला मोकळे रान मिळेल, असा एक आक्षेप आहे. त्यातली भीती रास्त आहे. तारलीचे चढउतार पूर्वापार आहेत, हेही खरे. पण ही कारणे एकमेकांना खोडत नाहीत, बळच देतात. तारलीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. पावसाळ्यात खालचे थंड, पोषक पाणी वर येऊन सूक्ष्म शैवाल माजले, तरच तिची पिल्ले तगतात. ज्या वर्षी ही साखळी चुकते, त्या वर्षी पिल्ले मुळातच कमी. तीही बोटभर असतानाच जाळ्यात गेली, तर पुढची पिढी यायची कुठून? समुद्र तापतो आहे म्हणूनच मासेमारीवरचा लगाम अधिक घट्ट हवा.

कोकणाला आयती तारली मिळत असेल तर तक्रार कसली, असेही विचारले जाते. पण ती मिळते कोणाला? पर्ससीन नौका थव्याचा माग काढत जाते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, मात्र किनाऱ्यालगत आलेल्या मासळीवरच जगते. थवे खोल पाण्यात गेले की रापणकराच्या हाती काही लागत नाही. शिवाय स्वस्त तारलीचा मोठा हिस्सा माणसांच्या ताटाऐवजी मत्स्यभुकटीच्या कारखान्यांत जातो.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते, त्यापुढची केंद्राच्या. त्यामुळे जाळ्याचा आस, माशाची किमान लांबी, पर्ससीनवरची बंधने राज्यागणिक बदलतात. राज्ये आपले अधिकार सोडणार नाहीत, हे मान्य. पण केंद्राच्या हद्दीत पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकच बंदी चालतेच. तेव्हा एकत्र ठरवणे अशक्य नाही. केरळ ते गुजरात या राज्यांनी निदान तारली-बांगड्यापुरती समाईक व्यवस्था उभारावी. बंदी उठण्याआधी पिल्लांची पाहणी व्हावी, त्यावरून हंगामाची मर्यादा ठरावी आणि ती ठरवताना बोटमालकांच्या बरोबरीने रापणकरांनाही मत असावे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी जाहीर केली आहे. समाईक व्यवस्थेची वाट न पाहता या लांबीची तपासणी ससून डॉक आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यांवर, टोपल्या उतरत असतानाच, रोज व्हायला हवी.