विश्लेषण : रायफलचा कार्बन फायबर दस्ता बोईसरमध्ये बनवावा का? कुणासाठी?

अमेरिका, न्यूझीलंड, युरोपातील शिकारी आपल्या अंगकाठीनुसार रायफलचा कार्बन फायबर दस्ता बनवून घेतात. त्याचे व्हिडीओ पाहून ‘हे तर आपल्याकडेही जमेल’ असे बोईसर-तारापूरच्या एखाद्या साचेकाराला किंवा फायबर कारागिराला वाटणे स्वाभाविक आहे. कौशल्याच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र भारतात शिकारी हा ग्राहकच नाही आणि शस्त्र कायदा दस्त्याकडे ‘प्लास्टिकची वस्तू’ म्हणून पाहत नाही. मग या कौशल्याचे करायचे काय? त्याचे उत्तर शिकारीत नव्हे, नेमबाजीत आहे.

दस्ता म्हणजे नेमके काय?

रायफलची नळी, चाप आणि यंत्रणा ज्या भागात बसवतात आणि जो भाग खांद्याला टेकतो, तो दस्ता. इंग्रजीत त्याला स्टॉक म्हणतात. पूर्वी तो अक्रोडाच्या लाकडाचा असे. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातील .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल अनेकांनी पाहिली असेल. तिचा दस्ता लाकडीच. लाकूड दिसायला देखणे, पण ते हवेतील ओलावा शोषते, फुगते, आकसते. दस्ता किंचित वाकून नळीला टेकला, तरी गोळी लागण्याची जागा बदलते. सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दारे-खिडक्या कशा अडकतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

कार्बन फायबरने काय साधते?

कार्बनचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. अशा हजारो तंतूंचे कापड विणून ते इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवतात, साच्यात थरावर थर बसवतात, निर्वात पिशवीत दाबतात आणि उष्णता देऊन पक्के करतात. उत्तम प्रतीचे काम आधीच रेझिन भरलेल्या कापडाने होते. ते उणे १८ अंशांच्या आसपास गोठवून ठेवावे लागते आणि साधारण १२० ते १८० अंशांवर भाजावे लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कार्बन फायबरचे संमिश्र लाकडापेक्षा हलके नसते. अक्रोडाची घनता पाण्यापेक्षा कमी, तर या संमिश्राची पाण्याच्या सुमारे दीडपट. दस्ता हलका होतो, कारण कडकपणामुळे भिंत पातळ ठेवता येते. आत पोकळी किंवा फोम असतो. शिवाय तो ओलाव्याने फुगत नाही आणि उन्हातान्हात तंतूंच्या दिशेने जवळजवळ प्रसरण पावत नाही.

मग सगळ्यांनाच हलका दस्ता का नको?

कारण हलकेपणाची किंमत खांदा मोजतो. तीच गोळी ४ किलोऐवजी ३ किलोच्या रायफलमधून सुटली, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. डोंगर चढून दिवसभर फिरणाऱ्या शिकाऱ्याला हा सौदा परवडतो. ऑलिम्पिकच्या नेमबाजाला मात्र रायफल खांद्यावर घेऊन मैलोगणती चालायचे नसते. त्याला हवी असते स्थिरता. म्हणूनच १० मीटर एअर रायफलमध्ये वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो असूनही बहुतेक खेळाडू त्या मर्यादेच्या फार खाली जायला बघत नाहीत. त्यांना दस्त्यात कडकपणा हवा, गालाची पट्टी व खांद्याची पाटी मिलिमीटरने सरकवण्याची सोय हवी आणि वजन हवे तिथे ठेवता यायला हवे. शिकाऱ्याचा दस्ता आणि नेमबाजाचा दस्ता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परदेशी शिकाऱ्यासाठी केलेल्या रचनेची नक्कल इथे खपणार नाही, ती यामुळे.

भारतात शिकारीचे काय?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी घातली. परवान्यावर शिकार करण्याची जी फट उरली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांसारख्या प्राण्यांबाबत वन खाते ठरावीक अटींवर परवानगी देऊ शकते. पण तो शेतकऱ्याच्या नाइलाजाचा विषय आहे, छंदाचा नाही. त्यामुळे ‘शिकाऱ्यांसाठी खास दस्ते’ या उद्योगाला देशात कायदेशीर बाजारपेठ नाही. ती असावी, असे म्हणण्याचेही कारण नाही. तुंगारेश्वरच्या जंगलात बिबट्या अजून टिकून आहे, तो याच बंदीमुळे.

दस्ता बनवायला परवाना लागतो का?

खरा धोका इथे आहे. शस्त्र कायदा, १९५९ मधील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीदेखील येते. कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मिती, विक्री, दुरुस्ती, रूपांतर यांसाठी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. ‘साहेब, नळी नाही, चाप नाही, नुसता फायबरचा दस्ता आहे’ हा बचाव न्यायालयात टिकेल, या भरवशावर कुणी गाळा भाड्याने घेऊ नये.

एअर रायफलची स्थिती काहीशी वेगळी आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनसाठी बाळगण्याचा परवाना लागत नाही. ऑलिम्पिकमधील १० मीटर एअर रायफल या मर्यादेत आरामात बसते. मात्र ‘बाळगायला परवाना नको’ याचा अर्थ ‘बनवायला काहीच नको’ असा काढणे चुकीचे ठरेल. पहिला साचा ओतण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आणि गृह खात्याकडून लेखी खुलासा घेणे, हीच या धंद्याची खरी पहिली पायरी आहे.

निर्यात करता येईल का?

देशात शिकारी नाही, तर परदेशातल्या शिकाऱ्याला विकावे, हा पुढचा विचार. तोही वाटतो तेवढा सोपा नाही. शस्त्रे आणि त्यांचे खास घडवलेले भाग भारताच्या निर्यात नियंत्रण यादीत, म्हणजे ‘स्कोमेट’च्या सहाव्या प्रवर्गात येतात. त्यासाठी संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार करारात सामील झाला असल्याने ही तपासणी आता केवळ कागदोपत्री राहिलेली नाही. पलीकडच्या देशाचे आयात नियम वेगळेच. वाढवण बंदर उभे राहिले की माल दारातून जहाजावर चढेल, हे ऐकायला छान वाटते. पण बंदर जवळ आले म्हणून परवानगी जवळ येत नाही.

मग पालघरचा संबंध काय?

दोन बाजूंनी आहे. पहिली बाजू खेळाची. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता ठरलेला रुद्रांक्ष पाटील हा ठाण्याचा. त्याचे वडील त्या काळात पालघरचे पोलीस अधीक्षक होते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याच्यासह भारतीय संघाने १८९३.७ गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. त्याआधी अंजली भागवत, २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत आणि त्यानंतर १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे. रायफल नेमबाजीत महाराष्ट्राने देशाला इतके दिले. पण या पातळीवरच्या रायफली प्रामुख्याने जर्मनीतून येतात. त्यांची किंमत काही लाखांत जाते आणि दस्त्याचा एखादा भाग मोडला तरी वाट परदेशाकडे बघावी लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हाताच्या लांबीला आणि गालाच्या उंचीला साजेसा दस्ता मिळणे ही तर चैनच.

दुसरी बाजू हातांची. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू या पट्ट्यात डायमेकिंगचा घरगुती व्यवसाय आहे. दागिन्यांचे नक्षीदार ठसे पोलादात कोरणाऱ्या या कारागिरांची नजर साच्यातील सूक्ष्म फरक ओळखते. किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या. त्यांच्या निमित्ताने रेझिन आणि कापडाचे थर बसवण्याचे काम कोळीवाड्यांच्या परिचयाचे झाले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर सुटे भाग कातणारे आहेत. आज ही तिन्ही कौशल्ये एकमेकांच्या शेजारी राहतात, पण एकत्र येत नाहीत.

पर्यावरण आणि कामगारांचे काय?

तारापूरला हा प्रश्न टाळता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत अगदी वर होते. कार्बन फायबर ‘हायटेक’ आहे म्हणून ते स्वच्छ ठरत नाही. घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला आणि डोळ्यांना त्रास देते. ती वीजवाहक असल्याने विजेच्या बोर्डात शिरली तर शॉर्टसर्किट होऊ शकते. इपॉक्सीच्या हार्डनरमुळे त्वचेची अ‍ॅलर्जी होते आणि एकदा जडली की त्या कामगाराला बहुधा हे काम सोडावेच लागते. वाया गेलेल्या तुकड्यांचा पुनर्वापर अवघड. धूळ खेचणारी यंत्रणा, हातमोजे, मास्क आणि कचऱ्याची नोंद या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. त्या नंतर बघू म्हणणाऱ्यांमुळेच या वसाहतीचे नाव खराब झाले.

काय करायला हवे?

पहिले, सुरुवात शिकारीच्या रायफलपासून न करता १० मीटर एअर रायफलच्या दस्त्यापासून करावी. ग्राहक इथेच आहेत, ऊर्जा कमी असल्याने दस्त्यावर ताण कमी येतो आणि चूक झाली तर जिवावर बेतण्याची शक्यता कमी.

दुसरे, कायद्यातील संदिग्धता सरकारने दूर करावी. क्रीडा एअर रायफलचा दस्ता, गालाची पट्टी, पिस्तुलाची मूठ यांना बंदुकीच्या नळीच्याच मापाने मोजायचे की वेगळ्या, नोंदणीपुरत्या वर्गात ठेवायचे, हे स्पष्ट लिहून द्यावे. नियम सैल करा, असे कुणी म्हणत नाही. बोईसरला लागून अणुऊर्जा केंद्र आहे. इथे शस्त्रांशी दूरान्वयाने संबंध असलेल्या कामावरही करडी नजर हवीच. पण करडी नजर आणि धूसर नियम यांत फरक आहे. धूसर नियमांमुळे प्रामाणिक माणूस मागे हटतो आणि बेफिकीर माणूस पुढे सरसावतो.

तिसरे, क्रीडा खाते आणि रायफल संघटनांनी आपल्या खेळाडूंची मापे आणि गरज कारागिरांपर्यंत पोहोचवावी. संख्या छोटी असेल, हे मान्य. एवढ्यावर मोठा कारखाना चालणार नाही. पण जो साचा, जी भट्टी आणि जे हात दस्ता घडवतात, तेच कृत्रिम पाय, सायकलचे भाग, ड्रोनचे पंखेही घडवू शकतात. दस्ता हा त्या कौशल्याची परीक्षा आहे, पोट भरण्याचे एकमेव साधन नव्हे.

व्हिडीओ पाहून घरामागच्या शेडमध्ये साचा ओतायला निघालेल्या तरुणाला आज कुणी थांबवतही नाही आणि योग्य रस्ताही दाखवत नाही. त्याने चुकीचा ग्राहक धरला, तर त्याच्या आयुष्याची किमान सात वर्षे पणाला लागतात. योग्य ग्राहक धरला, तर एखाद्या मुलीचा नेम अर्ध्या मिलिमीटरने सुधारतो आणि या खेळात पदकाचा फैसला तेवढ्यानेच होतो.