एका श्वासाचा एक स्वर



रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून आवाज काढण्याचा खेळ आपण सगळेच लहानपणी खेळलो आहोत. शाकुहाची ही जपानची बांबूची बासरी शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हीच युक्ती उपयोगी पडते.

आपली बासरी आडवी धरतात, शाकुहाची मात्र हनुवटीला टेकवून खाली झुकती धरतात. तिच्या नावातच तिचे माप आहे : एक शाकु आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. पुढे चार भोके, मागे अंगठ्यासाठी एक. वरच्या टोकाला कड तिरपी कापलेली असते. त्या धारेवर श्वास नेमका पडला, तरच स्वर उमटतो.

नवशिक्याचा घाम इथेच निघतो. नुसती हवा सुटते. जोर लावावा, तर स्वर येत नाही, चक्कर मात्र येते. कित्येकांचे पहिले काही दिवस असेच कोरडे जातात. अशा वेळी बसून घ्यावे, जोर कमी करावा, आरशात ओठ पाहावेत आणि भोके न झाकता आधी नुसता आवाज शोधावा. तो सापडला, की एकेक बोट ठेवावे. सगळी भोके झाकली, की सर्वांत खालचा स्वर येतो, त्याला 'रो' म्हणतात. पुढे रोज काही वेळ हा एकच 'रो' लांब श्वासाने फुंकायचा. मुरलेले वादकही हा सराव सोडत नाहीत. महागड्या बांबूची गरज नाही, शिकायला प्लॅस्टिकची शाकुहाचीही चालते.

एदो काळात (१६०३-१८६८) झेन परंपरेतील फुके पंथाचे साधक चेहरा झाकणारी विणलेली टोपली डोक्यावर घालून, ही बासरी वाजवीत भिक्षा मागत. हे वादन त्यांचे ध्यानच होते. श्वासावर चित्त ठेवणे म्हणजे काय, हे आनापानसती करणाऱ्या आपल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. पण त्या पंथात प्रवेश होता फक्त सामुराई कुळातील पुरुषांना! श्वास सर्वांना सारखाच, मग फुंकण्याचा मान कूळ पाहून का? हा न्याय आम्हाला अनोळखी नाही. १८७१ साली मेजी सरकारने तो पंथच बंद केला. बासरी मात्र टिकली. आज ती स्त्रिया वाजवतात, परदेशी माणसेही शिकतात.

आता दार उघडे आहे, पण उंबऱ्यावर लाज उभी असते. आमच्या वस्तीतही साठीची आजी अंगठा सोडून सही शिकू लागली, की नातवंडे हसतात आणि ती पाटी बाजूला ठेवते. बाळांनो, हसू नका. स्वर न उमटलेले दिवसही शिकण्याचेच असतात.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातली एक रिकामी बाटली धुऊन घ्या. आधी आजीला फुंकू द्या.